गच्चीवरची हार्मोनियम

सोम. ३ फेब्रु. ९७
सोसायटीच्या फळ्यावर नोटीस : 'ब्लॉक ७ चे सुधाकरराव यांनी गच्चीवर हार्मोनियम बसवल्यामुळे टीव्हीवर रेघा येतात. रवि. ता. १६ रोजी मीटिंग. विषय – हार्मोनियम काढणे.'
घ्या! परवा जिन्यात सेक्रेटरी खैरनार अण्णांना नीट सांगितलं होतं. माझा हॅम रेडिओ, हौशी लोकांचा बिनतारी संच, एकवीस मेगाहर्ट्झवर चालतो, त्याची तिप्पट त्रेसष्ट, टीव्हीचं चॅनेल नेमकं तिथेच. तिथे माझं हार्मोनिक, म्हणजे सिग्नलचं तिपटीचं पिल्लू, सांडत असेल तर बघतो. अण्णांनी ऐकलं हार्मोनियम. काढणार मात्र माझी गच्चीवरची अँटेना. ती गेली की रेडिओ म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. अकरा वर्षं झाली ती उभारून.

बुध. ५
रेडिओवर मोर्सची कडकट्ट सुरू केली, पाच मिनिटांत अण्णा दारात.
"सुधाकर, काय शे हे? शेवटची ओव्हर, आणि बॅट्समनच्या तोंडावर काळ्या पट्ट्या!"
चिडले की अण्णांची बोली थेट गावाला, सटाण्याला पोचते. म्हटलं, तपासतो. "तपासू नको. बंद कर." केला बंद. सौ. आतून, "गच्चीची साफसफाई होणारच आहे तर माळाही घ्या आवरायला."

शनि. ८
हार्मोनिक दाखवणारं यंत्र, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, नाशकात माझ्या माहितीत एकच. इंजिनिअरिंग कॉलेजात, शेवाळे मॅडमच्या लॅबमध्ये. मॅडम हो म्हणाल्या. गेलो, तर कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई घोटीला, मेहुण्याच्या लग्नात. फुकट हेलपाटा.

सोम. १०
अर्धा दिवस रजा टाकून मोजलं. पडद्यावर एकवीसला माझा सिग्नल ताठ उभा. आणि त्रेसष्टला त्याचं कारटं, चांगलं हातभर! तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे अण्णा खरे. येताना फिल्टरसाठी तांब्याची तार घेतली.

बुध. १२
काल दिवसभर त्रेसष्ट अडवणारा फिल्टर केला. कॉइल तीनदा गुंडाळली, बोटं सोलली. आज पुन्हा लॅब. फिल्टर मध्ये घातला. कारटं जागचं हललं नाही! सोल्डरिंग गन फेकून द्यावीशी वाटली. दोन तास हेच.
शेवटी मॅडमनी चष्मा वर केला. "किती जोरात देताय हो आमच्या यंत्राला?" माझ्या नि यंत्राच्या मध्ये सिग्नल कमी करणारा डबा होता, मॅडमनी त्याच्यापुढे आणखी एक जोडला, दहा डेसिबलचा. एकवीसची रेघ दहानेच खाली. त्रेसष्टची तीसने!! दिसेनाशीच झाली. फिल्टर काढला, तरी तेच.
"तुमचं असतं तर तेही दहानेच उतरलं असतं. तुमचं नव्हतंच ते. कानाशी ओरडलात, आमच्याच यंत्राचा कान वाजला."
गाढव आहे मी. बावीस वर्षं सोल्डरिंग करतोय आणि हे सुचू नये? पण माझा रेडिओ स्वच्छ! मॅडमनी आलेख छापून दिला, सही करून. बाहेर येऊन दोन कप चहा प्यालो.
मग अण्णांच्या रेघा कुठून... स्कूटरवर लक्षात आलं. बूस्टर! अण्णांच्या टीव्हीच्या अँटेनाला सिग्नल वाढवणारा बूस्टर आहे, माझ्या अँटेनापासून चार हातांवर. त्याचाही कान वाजतोय.

शुक्र. १४
अण्णांकडे. बूस्टर काढून दाखवला. रेघा गेल्या, पडद्यावर मुंग्या आल्या.
"रेघा नाहीतर मुंग्या, असं का? मुलानं लावून दिलाय तो. निघणार नाही."
म्हटलं, बूस्टरच्या आधी छोटी डबी लावतो, माझा सिग्नल आत शिरणारच नाही. आलेख पुढे केला. अण्णांनी उलटा धरला.
"पेटी तुझी बिघडली, औषध माझ्या टीव्हीला?"
"बिघडलेली नाही, अण्णा! मोजलंय!"
"मग लोक म्हणतील खैरनारांचा टीव्ही खराब."
हे खरं दुखणं.

शनि. १५
डबी तयार. अण्णांनी जिन्यात गाठलं, आवाज खाली. "लाव डबी. अँटेना राहू दे, मी सांभाळतो सगळ्यांना. पण मीटिंगमध्ये लिहून द्यायचं, दोष तुझा होता."
नाही लिहिणार. मोजून स्वच्छ ठरलेला सिग्नल, आणि मीच लिहू की घाणेरडा होता?
सौ. : "एक ओळ लिहा आणि सुटा."
एक ओळच तर लिहवत नाही.

रवि. १६, सकाळ
तीन कागद फाडले. 'माझ्या रेडिओमुळे' लिहिलं की हात थांबतो. शेवटी फळ्यावरची नोटीस पुन्हा वाचून आलो. आणि एका दमात लिहिलं :
'टीव्हीवर आलेल्या रेघांचा दोष पूर्णपणे माझ्या हार्मोनियमचा होता. – सुधाकर, ब्लॉक ७.'
सौ. वाचून हसत सुटली. "आपल्याकडे कुठे आहे हार्मोनियम?"
नाही ना.
डबी खिशात, कागद खिशात. दहाला मीटिंग. खाली खुर्च्या लावल्याचा आवाज येतोय. अण्णा निवृत्त मास्तर, कागद नीट वाचायची सवय...