कप्तान असं म्हणालाच नव्हता

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुमच्यावर नव्यानं चिडून बसले आहे. कारण ऐकून लोक हसतील. रविवारी दुपारी केबलवर आपण अवकाशयानाची ती जुनी इंग्रजी मालिका बघायचो ना, तिच्यावरून.

यान थर्माकोलचं आहे हे तेव्हाही दिसायचं. पण माणसं खरी होती. कप्तान हट्टी म्हणजे हट्टी, डॉक्टर भित्रा म्हणजे भित्रा. गोष्ट अडली म्हणून लेखकानं कुणाला रातोरात शहाणं केलं नाही. ऑफिसातली पोरं म्हणतात, "दीदी, ये तो बच्चों का खेल है." मग मी भांडते, आणि भांडताना दरवेळी एकच प्रसंग ऐकवते. तुम्हाला आठवत असेल तो.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मला नव्या मंत्रालयात नोकरी लागली आणि तिच्यापायी मी नागपूरचं जवळजवळ ठरलेलं स्थळ मोडलं. तुम्ही बोलणंच टाकलंत. मी समोर बसलेली असायची आणि तुम्ही आईला म्हणायचात, "तिले म्हणा, पंखा बंद कर." गुढियारीच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपण तिघं एकत्र बसायचो ते फक्त या मालिकेपुरते. आईला इंग्रजी येत नव्हतं, माझी शाळा हिंदी, म्हणून प्रत्येक संवाद तुम्ही आपल्या बोलीत सांगायचात. त्या रविवारी यानावरची तरुण वैमानिक हुकूम मोडून परकी माणसं वाचवते आणि परत येऊन कप्तानासमोर उभी राहते. आई विचारते, "काय म्हणून राहिला तो तिले?" तुम्ही पडद्यावरची नजर न काढता सांगता, "म्हणते, पोरी, तू माहं ऐकलं नाही. बरं केलं. तुह्या जागी मी असतो तर मले एवढी हिंमत झाली नसती."

"हव, बराबर बोलला," आई म्हणाली. मला त्या वैमानिकेचा हेवा वाटला.

गेल्या आठवड्यात तो भाग मोबाइलवर सापडला, खाली संवादांच्या अक्षरांसकट. कप्तान म्हणतो, "आपल्या जागेवर जा." संपलं. मग तो खिडकीकडे वळतो आणि बराच वेळ तसाच उभा राहतो. मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. पाठमोऱ्या माणसाकडून एवढं बोलवून घेणारा लेखक मोठाच, हे मी आजही मान्य करते. पण तुम्हाला कुणी कॅमेरा लावला नव्हता, बाबा! तुमची पाठ मी कशी वाचायची?

ते माझ्यासाठी होतं ना? मग काहून नाही बोललात सरळ? आईला बहुतेक तेव्हाच कळलं होतं. एकटी मीच बावळट राहिले. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, आणि तुम्ही माझ्यावर रागावूनच गेलात असं मी आजवर धरून चालले. हा ताप तुम्ही एका वाक्यात वाचवू शकला असतात. इतकी मेहनत करून उसन्या माणसाच्या तोंडी घातलंत, तेच घोटभर चहा पिताना म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं?

राग अजून गेलेला नाही. पण एक सांगते. आता मला इंग्रजी सगळं समजतं, तरी काल तो प्रसंग मी खालची अक्षरं झाकून, आवाज बंद करून पाहिला.