पहिला रिव्हर्स कोणाचा

४ जानेवारी

दत्ताने मला न विचारता मला इतिहासकार करून टाकलं. काल इंदापुरात शर्यतींच्या कमिटीची बैठक होती. कमिटीचा अध्यक्ष विक्रमभैय्या म्हणाला, यंदाची फायनल राष्ट्रीय करायची. कर्नाटकचे ड्रायव्हर येणार, पंजाबचेही येणार. आणि राष्ट्रीय म्हटलं की स्मरणिका लागते, स्मरणिका म्हटलं की इतिहास लागतो. नवरोबा लगेच बोलले, "आमची मंगल लिहिती की."

मी काय लिहिते? रोपवाटिकेतल्या ट्रेवर चिठ्ठ्या. मिरची, टोमॅटो, बी कधी टाकलं, कोण नेणार. आणि ही वही.

इतिहास ट्रॅक्टर रिव्हर्सच्या शर्यतींचा. मागे दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि चुन्याच्या फक्कीच्या दोन रेघांमधून उलटं जायचं. रेघ मोडली की बाद, नाहीतर कमी वेळ लागेल तो पहिला. ट्रॅक्टर शेतात राबणारा हवा, कंपनीतून आला तसा. याला इतिहास तो किती असणार. दोन पानं. आठवड्यात उरकून टाकते.

७ जाने.

दोन पानांत नाही मावत. दत्ताच्या मित्रांना फोन करतेय, प्रत्येकजण वेगळंच सांगतो. एकच गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कोणी कधी काय लबाडी केली ती. कोणी टायरमधली हवा कमी करून आला, म्हणून हवा तपासायचा नियम. कोणी ट्रॉलीच्या हुकात जाड पिन ठोकून आणली म्हणजे ट्रॉली हलायलाच नको, म्हणून आता पिन कमिटी देते. एकाने स्टिअरिंगच बदललं. प्रत्येक नियमामागे एक लबाड बसलाय आणि तो आज कमिटीत आहे. हे लिहू का? दत्ता म्हणतो नको.

एक नियम मात्र कोणी केलेला नाही, तो बैलगाड्यांच्या शर्यतीतून आलाय. माइकवर नाव पुकारतात ते मालकाचं. ढाल मालकाला, ड्रायव्हरला फेटा. ड्रायव्हर लोक कुरकुरतात, पण फेटा बांधून घेतात.

९ जाने.

सुरुवात कुठून झाली यावर निदान एकमत आहे, हे नशीब. सणसरजवळ कॅनॉलच्या कडेचा रस्ता, उसाचा हंगाम. एक भरलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेला, एक मोकळा परत येत होता, दोघांनाही दोन-दोन ट्रॉल्या. रस्ता एवढा अरुंद की एकाला मागे जाणं भाग. मोकळ्याने भरल्याला वाट द्यायची ही रीत. तो मोकळा सरळ रेघेत मागे गेला, थेट फाट्यापर्यंत, कॅनॉलमध्ये एक चाक घसरू न देता. मागे खोळंबलेल्या ड्रायव्हरांनी ते पाहिलं आणि त्याच वर्षी जत्रेत फक्की मारून पहिली शर्यत लावली.

ते दोन ट्रॅक्टर कोणाचे, तर एक माझ्या सासऱ्यांचा, एक माझ्या वडिलांचा. सासरे म्हणजे तात्या सणसरचे, वडील म्हणजे आबा लोणी भापकरचे. तिथेच ओळख झाली आणि पुढे त्यातूनच मी या घरात आले. भैय्या नुसता उड्या मारतोय. म्हणाला, वहिनी, इतिहास तुमच्या घरातच की. मागं गेलेला जो असेल तो पहिला मानकरी, फायनलची झेंडी त्याच्या हातात, आणि दरवर्षी चषकावर त्याचं नाव.

११ जाने.

तात्यांना विचारलं. गोठ्यापुढे खुर्ची टाकून बसले होते. "मी घेतला मागं." एवढंच.

"मग तुमचा मोकळा होता?"

"आता त्ये काय ध्यानात ऱ्हातंय."

"मागं गेला म्हणजे मोकळाच असणार ना, तात्या?"

"मग मोकळा लिव्ह."

चिडले. का चिडले कळलं नाही. लिहून टाकलं : पहिले मानकरी, तात्या.

१२ जाने.

आबांना सहज फोन केला, म्हटलं वडिलांनाही कळवावं. तात्यांचं नाव घातल्याचं सांगितलं. मग, "माझा मोकळा व्हता. माझा टॅक्टर गेला मागं. समद्या सणसरला म्हाईत हाय."

कालचं खोडलं, तात्यांच्याही कानावर घातलं.

माझ्या लग्नातलं मला लख्ख आठवतं. दोघं मांडवात पान लावत बसलेले, पाहुणे चिडवत होते, कोण सरला रे मागं. तेव्हा मागे सरणं म्हणजे नाक कापून घेणं. आबा म्हणाले मी न्हाय सरलो. तात्या म्हणाले मीबी न्हाय सरलो. आणि दोघं हसत होते. आता झेंडी मिळणार म्हटल्यावर दोघंही मागे सरलेत. माणसं आहेत की काय.

१८ जाने.

आज रविवार. दर रविवारी चहा झाला की तात्या आबांना फोन लावतात. कॅनॉलला पाणी कधी, डाळिंबाला भाव काय, गुडघा कसा आहे, तेच ते. माझं लग्न झाल्यापासून एक रविवार चुकलेला मला माहीत नाही. आज फोन खिशातच. मी म्हटलं, आबांना लावून देऊ? "त्येंस्नी गरज आसंल तर त्ये लावतील."

आईला विचारलं, तिकडेही तेच. आबा फोन समोर ठेवून बसलेत, पण लावत नाहीत.

मला रडू आलं. या दोघांचं पटतं म्हणून मी या घरात कधी परकी झाले नाही. दत्ताशी माझी केवढी भांडणं झाली, तात्या नेहमी माझ्या बाजूने. का, तर आबांची पोर. आणि आता माझ्याच हातून दोघांमध्ये हे. कुठून ती स्मरणिका आली.

दत्ता म्हणतो नाणं उडव.

२२ जाने.

भैय्याला म्हटलं दोघांची नावं टाक. म्हणे, झेंडी एक, खुर्ची एक, आणि पंजाबच्या लोकांना मी काय सांगू, आमचा पहिला नंबर दोघांचा? राष्ट्रीय वाटत नाही म्हणे ते.

राष्ट्रीय कसं वाटतं हे याला कोणी सांगितलं?

२५ जाने.

हाही रविवार तसाच गेला. तात्या दुपारी जेवले नाहीत नीट. मळ्यात गेले, आले, पुन्हा गेले.

२७ जाने.

लोणी भापकरला मिरचीची रोपं पोचवायची होती, म्हणून माहेरी गेले. आबा नव्हते. आई शेंगा फोडत होती. तिला विचारलं, तुला काय माहीत यातलं. तर म्हणते, "मी तितंच व्हते की."

एवढ्या वर्षांत बोलली नाही. का, तर कोणी विचारलं नाही.

म्हणाली, "मावशीकडनं येत व्हते. मोकळ्या टॉलीत बसलेली, तू पोटात."

मोकळ्या ट्रॉलीत! म्हणजे मोकळा आबांचाच. झालं की मग, मिटलं. मी सुस्कारा सोडला. सासरी काय बोलणी खायची ती खाईन, पण खरं काय ते कळलं. आई पुढे सांगत होती. कॅनॉल बघून तिला भोवळ आली म्हणून पदर डोळ्यांवर घेतला. गाडी मागे जात होती तोवर घेतलेलाच. "थांबल्यावर पदर काढला. तर तुझा बाप कॅनॉलच्या कडंनं चालत येत व्हता, चपला हातात घेऊन."

"चालत? मग ट्रॅक्टरवर कोण होतं?"

"त्ये तू त्येंस्नी इचार."

शेंगा फोडत राहिली.

परत येताना सगळ्या रस्त्याने डोकं फिरलेलं. आबांचा ट्रॅक्टर आबांशिवाय मागे गेला?

२८ जाने.

रोपांना पाणी देताना एक आठवलं. माहेरच्या मळ्यात ट्रॉली लावायची असली की आबा कधी मागे घेत नसत. विहिरीला वळसा, मग चिंचेखालून, मग शेजाऱ्यांच्या बांधावरून, असं करत समोरून येऊन लावत. शेजारी बोंब मारायचे. मला वाटायचं ती आबांची शिस्त. मी लहानपणी मैत्रिणींना सांगायचेही, आमचे आबा ट्रॉली पद्धतशीर लावतात.

तेही एकाच ट्रॉलीने. दोन ट्रॉल्या आमच्याकडे मी कधी पाहिल्याच नाहीत. होत्या म्हणे, एक विकली.

म्हणजे आबांचा ट्रॅक्टर तात्यांनी मागे घेतला? मग तात्या खोटं नाही बोलत. आबाही नाही. लग्नातही दोघं खरंच बोलत होते की काय? आबा मागे सरले नाहीत कारण ते ट्रॅक्टरवर नव्हतेच. तात्या सरले नाहीत कारण त्यांचा ट्रॅक्टर जागेवर उभा होता. हे मी दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही वेळा बरोबर येतंय. तरी भरवसा वाटेना.

भैय्याला आडून विचारलं, ट्रॅक्टर एकाचा, चालवणारा दुसरा, तर पहिला कोण? "मालक, वहिनी. बैलगाड्यापास्नं तसंच हाय." म्हणजे नियमाने आबा. आणि हात तात्यांचे. मी कोणाच्या बाजूने आहे तेच मला कळेनासं झालंय.

३० जाने.

पुन्हा गेले. रोपं वगैरे कारण नाही, नुसती गेले. आबा पाइप लावून ट्रॅक्टर धूत होते. मी काही विचारायच्या आत त्यांनीच पाणी बंद केलं. आईने सांगितलं असणार.

"मला दोन टॉल्या मागं घेता येत न्हाईत, मंगल. तवाबी येत न्हवत्या, आजबी येत न्हाईत. मागची मुडपती."

वडिलांना अशी वाक्यं बोलताना ऐकायची सवय नाही.

म्हणाले, तात्यांच्या मागं वीसेक गाड्या हॉर्न मारत होत्या. आबा घामाघूम. मागची ट्रॉली एकदा कॅनॉलकडे वळली आणि आत आई बसलेली. "तात्या उतरून आलं. वळख ना पाळख. नुसतं म्हणलं, सरका पाव्हणं. मी उतरलो. त्येंनी फाट्यापतूर नेला आन् चालत माघारी त्येंच्या टॅक्टरवर गेलं. त्येंच्या उसाच्या आडून मागल्यांस्नी कोण बसलंय ते काय दिसलं न्हाय. समद्यांनी माझी वाहवा केली. मी गप बसलो. त्येबी गप बसलं. आजून गप हायती."

"मग मला परवा तसं का सांगितलंत?"

"टॅक्टर माझा व्हता न्हवं?" मग पाइप उचलला. "तात्यांचं नाव घाल. झेंडी त्येंच्या हातात दे. आन् मला बोलवू नको."

त्यांना न बोलवता कसं होईल?

१ फेब्रुवारी

तात्यांना सांगितलं सगळं. मला वाटलं खूश होतील. ऐकून घेतलं, गाईपुढे वैरण टाकली, आणि म्हणाले, "आबांचं नाव घाल. मालकाचं नाव पडतंय, रीत हाय."

मी हातच जोडले. म्हटलं, तात्या, तीन आठवडे तुम्ही मीच मीच करताय, जेवला नाहीत, फोन केला नाहीत, आणि आता?

"मला वाटलं, त्ये इसरलं. तू फोन केलास आन् त्ये म्हणलं मीच. माझ्या मनाला लई लागलं. एवढ्या वर्सांत मी कुणाकडं बोललो न्हाय, त्येंनी तरी मनात ठिवायचं का न्हाय?" हात धोतराला पुसले. "ध्यानात हाय म्हणल्यावर मला नाव काय करायचंय?"

रविवार होता. फोन घेऊन अंगणात गेले. मी चहा घेऊन मागे गेले तर केवढा आवाज. "आवो झेंडी तुमची... न्हाय न्हाय, ऐका माझं... तुमी येणार न्हाय तर मीबी न्हाय..." पलीकडून आबाही ओरडत असणार, कारण तात्या फोन कानापासून लांब धरून बोलत होते. चहा गार झाला. मी दुसरा केला, तोही.

४ फेब्रु.

फायनलसाठी लोणी देवकरच्या माळावर मंडप पडला. कर्नाटकवाले आले, ट्रेलरवर ट्रॅक्टर घालून, हार घातलेला. पंजाबचा एकच आलाय, त्याला पोहे आवडले. दत्ता हवेत.

आबा उद्या येणार की नाही, आई म्हणते विचारू नको. तात्यांनी कोऱ्या धोतराची घडी काढून ठेवली आणि सांगितलं, झेंडीला हात लावणार नाही. दोघं दिवसातून चारदा फोनवर भांडतात. मला भांडू देत, ऐकायला बरं वाटतंय.

इतिहास पूर्ण आहे. कॅनॉल, फाटा, जत्रा, पिन, हवा, स्टिअरिंग, सगळं. पहिल्या ओळीत तेवढं एक नाव नाही. प्रेसवाल्याने जागा सोडलीये. खरं लिहावं तर आबांची लाज तीन राज्यांत उघडी पाडायची, आणि ती तात्यांनी एवढी वर्षं झाकली. आबांचं लिहावं तर आबाच ते पान फाडतील. तात्यांचं लिहिलं तर तात्या.

भैय्याचा तिसरा फोन आत्ता वाजतोय. दत्ता म्हणतो उचल. उचलून सांगू काय त्याला?