इर्बिदच्या बाजारातली शून्यं

इर्बिद, मंगळवार दुपार

आदरणीय चुलतबंधू अबू मुतसिमदादा यांना धाकट्या मामूनचा आदरपूर्वक सलाम.

तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे, मुतसिमची नवी नोकरी आणि दारातलं लिंबाचं झाड, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. मागच्या पत्राच्या शेवटी तुम्ही नेहमीप्रमाणे 'हात सलामत राहोत आणि शाई कधी न वाळो' असं लिहिलंत. (आता वाटतं, वेळेवर वाळली असती तर बरं झालं असतं.) इकडे आमची ही, उम्म लैथ, मजेत आहे, लैथची दाढ आली आहे, आणि मी संपलो आहे. तुम्हीही अम्मानला अर्थशास्त्रच शिकवता, म्हणून कसा संपलो ते तुम्हाला सविस्तर सांगतो. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

झालं असं, की आमच्या विभागाने यंदा ठरवलं, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना संशोधन कसं करतात आणि ते कसं तपासलं जातं हे शिकवायचं. ज्या दिवशी बैठक झाली त्या दिवशी मी मेहुणीच्या लग्नात होतो, त्यामुळे काम एकमताने माझ्याकडे आलं. मी मुलांना सांगितलं, प्रत्येकाने छोटा निबंध लिहायचा, वरचं नाव काढून टाकायचं, आणि तो दुसऱ्याने तपासून त्यातल्या चुका लिहायच्या. चूक दाखवणं हीच खरी मदत, हे मी दोन तास घसा कोरडा करून समजावलं. मुलांनी माना डोलावल्या. आठवड्याने एकतीस अहवाल आले आणि एकतीसही स्तुतीचे निघाले. नावं काढून काय उपयोग, दादा? अजलूनच्या ऑलिव्हच्या घाण्यांवर लिहिणारा जासिरशिवाय कोण असणार, घाणे त्याच्या मामांचेच. त्याच्या निबंधात टक्क्यांची बेरीज एकशे चाळीस होत होती. परीक्षकाने समासात लिहिलं होतं, 'माशाअल्ला, बरकत आहे.' मी वर्गात चिडलो, तेव्हा जासिरच उठला आणि म्हणाला, "डॉक्टर, आज मी त्याच्या लेखात खोट काढायची आणि शुक्रवारी त्याच्याच घरी मांडी घालून मन्साफ हाणायचा, हे कसं जमायचं? त्याच्या आईने मला दुसऱ्यांदा वाढलं पाहिजे ना?" अख्खा वर्ग त्याच्या बाजूने हसला. मीही हसलो, कारण त्या आईच्या हातचा मन्साफ मी खाल्लेला आहे.

आणि इथे मला दुर्बुद्धी सुचली. ज्याच्या आईची ओळख नाही अशा लेखकाचा लेख यांना द्यावा, म्हणून मी माझाच लेख नाव काढून सगळ्यांना वाटला. हा तोच लेख, ज्यावर माझी पूर्ण प्राध्यापकाची बढती अडली आहे आणि जो महिन्यापूर्वी मी अम्मानच्या नियतकालिकाकडे पाठवला. तुम्हाला थोडक्यात सांगतो. मागच्या वर्षी मी मुलांना इथल्या भाजीबाजारात पाठवलं. प्रत्येकाने खरेदी करायची, 'किती झाले?' असं विचारायचं आणि दुकानदार सांगेल तेच तक्त्यात मांडायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही, अशी माझी सक्त ताकीद. दोनशे बारा नोंदी आल्या आणि त्यांतल्या एकाहत्तर नोंदी शून्य. मी थरारलो. इर्बिदच्या बाजारात तिसरा हिस्सा माल फुकट दिला जातो, असा शोध लावला. त्याला 'औदार्याचा गुणांक' असं नाव दिलं, तीन समीकरणं बसवली आणि पाश्चात्त्य अर्थशास्त्राला शेवटच्या परिच्छेदात थोडं झापलं. डीनसाहेबांनी तो शोध ऐकून विभागात दोन किलो गोड कुनाफा वाटला.

माझ्या लेखावरही तीस अहवाल स्तुतीचेच आले. (जासिरने लेखकाच्या आईवडिलांनाही सलाम कळवला होता.) एकतिसावा रुवैदाचा होता. ही मुलगी मागच्या बाकावर बसते, वर्षभरात दोनदा बोलली असेल. तिचे वडील त्याच बाजारात काकडी-टोमॅटो विकतात. तिने लिहिलं होतं ते जसंच्या तसं उतरवतो: 'लेखक स्वतः कधी काकडी आणायला गेला आहे का? किंमत विचारली की दुकानदार म्हणतो, असू दे, आमच्याकडून. मग गिऱ्हाईक म्हणतं, छे छे, सांगा. तिसऱ्यांदा विचारल्यावर दुकानदार आकडा सांगतो आणि गिऱ्हाईक पैसे देतं. लेखकाची माणसं पहिल्याच उत्तरावर थांबली. माझे वडील बावीस वर्षं दिवसातून शंभरदा असू दे म्हणतात. लेखकाचं खरं असतं, तर माझी फी भरली गेली नसती आणि हा अहवाल लिहायला मी इथे नसते.'

दादा, मी ते उभ्यानेच वाचलं आणि खाली बसलो. मी याच गावात वाढलो. टॅक्सीवाला, पाववाला, औषधवाला, सगळे मला रोज असू दे म्हणतात आणि मी रोज पैसे देतो. तरी शून्य दिसल्यावर मला समीकरण सुचलं. एवढं शिकून माणूस इतका मठ्ठ कसा होऊ शकतो, यावर खरं तर कोणीतरी लेख लिहायला हवा.

तरीही आशा सुटेना. संध्याकाळी न्हाव्याकडे गेलो, अबू सख्र, वीस वर्षांची ओळख. दाढी झाल्यावर किती झाले विचारलं. तो म्हणाला, "असू दे डॉक्टर, आज माझ्याकडून." मी विज्ञानाच्या भल्यासाठी 'आभारी आहे' म्हटलं, कोट घातला आणि बाहेर पडलो. तो वस्तरा हातात घेऊन वळणावरच्या टपरीपर्यंत मागे आला. पैशाचं नाव नाही, माझा दंड धरून हळूच म्हणाला, "डॉक्टर, घरी सगळं ठीक ना? काही लागलं तर सांगा हो." मी दुप्पट पैसे दिले. तेव्हापासून गल्लीत मला कसली तरी बाधा झाली आहे अशी समजूत आहे आणि उम्म लैथला शेजारणी सूप आणून देतात.

खरी पंचाईत पुढेच आहे. मी लेखावरचं नाव काढलं, पण शेवटी 'चहा आणि धीर दिल्याबद्दल पत्नी उम्म लैथ हिचे आभार' ही ओळ काढायला विसरलो. मला सगळे अबू लैथ म्हणतात हे वर्गाला ठाऊक. रुवैदाला ती ओळ दोन दिवसांनी दिसली. पांढरीफटक होऊन खोलीत आली आणि म्हणाली, "मी अहवाल मागे घेते, डॉक्टर. दुसरा लिहून देते, चांगला." वर्षात एकाच मुलीने मला हवं होतं तसं काम केलं, आणि ती त्याची माफी मागत उभी होती. मला लाज वाटली. 'तुझंच बरोबर आहे' एवढे तीन शब्द म्हणायचे होते, मी म्हणालो, "असू दे." ती यावर काय समजली देव जाणे. अजून तिचा रडवेला चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

तर अशी हकिकत. वहिनींना सलाम, मुतसिमला आशीर्वाद.

तुमचा,
मामून (अबू लैथ)

ता. क. परीक्षकाचं नाव गुप्त असतं हे मी वर्गात शिकवतो. पण या विषयाचे देशात तीनच परीक्षक. एक कॅनडाला गेले, एकांचा मोतीबिंदू काढला आहे आणि तिसरे तुम्ही. तेव्हा हात जोडून विनंती, माझा लेख नापास करा. मी मागे घेतला तर डीनसाहेबांच्या कुनाफ्याचा अपमान होतो. तुम्ही फेटाळलात तर सगळे मिळून तुम्हाला नावं ठेवतील आणि मी सुटेन. रुवैदाचा अहवाल सोबत जोडला आहे. तोच उतरवा, मऊ करू नका.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो तोच नियतकालिकाचं उत्तर आलं. लेख स्वीकारला. अज्ञात परीक्षकाचा अहवाल दोन ओळींचा आहे: 'बदल नको, जसाच्या तसा छापावा. लेखकाची शाई कधी न वाळो.' दादा, तुम्ही वाचला तरी होता का? असो. संपादकांना मी स्वतःच लेख मागे घेत असल्याचं लिहिलं आणि चूक जिने पकडली तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कळवलं. बढती गेली.

ता. क. ३. रुवैदाला बोलावून ते तीन शब्द अखेर म्हटले. गुण मात्र एक कापला, कारण तिच्याही अहवालाच्या तळाशी (वर उतरवताना मी गाळलेलं) 'लेखकाचे हात सलामत राहोत' होतंच. म्हटलं, हा उपचार कशाला? ती म्हणाली, "बाकी सगळं लिहून झाल्यावर वाईट वाटलं, डॉक्टर. ते मनापासून लिहिलं होतं." गुण परत दिला.