सान्वीच्या चित्राखालचं नाव

दिवा (पूर्व)

ती. बाबा,
इथूनच वाकून नमस्कार.

नोकरी सोडून सुरू केलेला चित्रकलेचा क्लास बरा चाललाय. पंधरा मुलं येतात. पाण्याचा टँकर वेळेवर येतो, डबाही चांगला मिळालाय, आईला सांगा. तुमचा खांदा कसा आहे? कारखान्यात गणपतींचं रंगकाम सुरू झालं का?

एक गोष्ट फोनवर सांगायला जमली नाही. मागच्या रविवारी पालकांसाठी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन ठेवलेलं. नऊ वर्षांच्या सान्वीनं तिच्या आजीचं चित्र काढलेलं, पण चेहरा पार वाकडा. लोक म्हणतील, हा शिकवतो तरी काय? म्हणून मी तिच्या हातातला ब्रश घेतला आणि पाच मिनिटांत आजी सरळ केली. मग म्हटलं, "आता खाली नाव लिही."

तिनं निमूटपणे लिहिलं, 'विनीत सर'.

तिची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "अय्या सर, हे तुमचं होय? मग हिचं कुठंय?" मला मान वर करवेना. या रविवारी सान्वी आली नाही.

बाबा, सातवीत मी हट्टानं एका गणपतीचे डोळे रंगवलेले. तिरळे झाले. त्या वर्षी तुम्ही तोच गणपती आपल्या घरी बसवलात. येईल त्याला सांगत होतात, "डोळे आमच्या विनीतनं केलेत."

पाच दिवस ती मूर्ती तुमच्यासमोर होती. हात शिवशिवला असेल ना तुमचा? कसा आवरलात?

तुमचा,
विनीत