पेटीत आवाज राहत नाही

मंगळवार, लातूर

आज मुलींच्या वसतिगृहातल्या सविताकडे बघवलं नाही. तिथल्या जिन्यातली आवाज ऐकणारी पेटी मीच बसवली. किंकाळी ऐकली की वॉचमनच्या फोनवर घंटा वाजते, पण कुणाचं बोलणं साठत नाही. तसा शब्द दिला, म्हणून तर मुली तयार झाल्या.

काल जिन्यात मेसच्या ठेकेदारानं सविताला धरलं. ती ओरडली, घंटा वाजली, वॉचमन धावला. ती वाचली. ठेकेदार मात्र मागच्या दारानं पळाला, आणि आता म्हणतो, मी तिथं नव्हतोच.

आज पोलीस ठाण्यात साहेबांनी रेकॉर्डिंग मागितलं. मी म्हटलं, पेटी काही साठवतच नाही. सविताचे वडील माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, लेकीनं त्याचं नाव घेऊन हाक मारली की हो. तुमच्या पेटीनं ऐकलं न्हाई का?"

ऐकलं. पण ठेवलं नाही. चुकलं का माझं? ठेवलं असतं तर साऱ्या मुलींचं बोलणं कुणाच्या हाती गेलं असतं? पण हे त्या बापाला कोणत्या तोंडानं सांगू?

बाहेर सविता हळूच म्हणाली, "ताई, म्हंजी आता मीच परत परत सांगायचं?"

मी हो म्हणाले. ती आत गेली आणि साहेबांसमोर बसली.