दाराची कडी परत बसवली

अगं, बोललो एकदाचा त्याच्याशी! लेकाच्या मोबाईलवर ते घाण व्हिडिओ सापडले तेव्हा रागाच्या भरात मी त्याच्या दाराची कडी उपटली होती ना, तीच आज बसवत होतो. तो स्क्रू घेऊन मागे उभा, माझं तोंड दाराकडे. नजरेला नजर नव्हती म्हणूनच जीभ सुटली. म्हटलं, "ते सगळं नाटक असतं रे. खऱ्या माणसाला आधी विचारावं लागतं." मग गडी चक्क प्रश्न विचारायला लागला. शेवटी म्हणाला, "बाबा, तुम्हाला हे कोणी सांगितलं?" म्हटलं, "कोणीच नाही." दोघंही हसलो.

मी कामावर निघालोय. आल्यावर सवयीने त्याच्या खोलीचं दार ढकलू नकोस. टकटक कर आणि थांब. आता आपल्यालाही विचारावं लागणार.