शेवटच्या कडव्यापर्यंत

पप्पा, या शुक्रवारी सात नवी गाणी ऐकली, त्यातली चार तरी तुम्ही आपल्या कॅसेटच्या दुकानात लावू दिली नसतीत. आता गाणी शुक्रवारी येतात, सुटी सुटी, एकेकटी. कॅसेट नाही, कव्हर नाही, उलटून बघायला दुसरी बाजूच नाही. फोनवर येतात आणि महिन्याभरात फोनवरच मरतात. मी ती ऐकते, मत लिहिते, दहापैकी मार्क देते आणि शनिवारी सकाळी दीडेकशे लोकांना पाठवते. तुला कुणी सांगितलंय, असं विचाराल. कुणीच नाही सांगितलं. आमच्या बँकेतल्या दोघींसाठी सुरू केलं होतं, मग त्यांच्या नणंदा आल्या, भाचे आले, आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पसरलं. शनिवारी उशीर झाला तर मेसेज येतात, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" गंमत म्हणजे यातल्या निम्म्या लोकांना मी रस्त्यात ओळखणारसुद्धा नाही.

तर ऐका. पहिलं सिनेमातलं, प्रेमाचं. गायकाचा आवाज इतका घासून गुळगुळीत केलाय की तो श्वास कुठे घेतो तेच कळत नाही. तुम्ही म्हणायचात, श्वास ऐकू आला पाहिजे, नाहीतर गातंय कोण, मिक्सर? दुसरं म्हणजे जुन्या गाण्याला नवा ढोल चिकटवलाय, आजीला गॉगल घातल्यासारखा. नापास. तिसरं कोळीगीत, मढच्या धक्क्यावर शूट केलेलं, शब्दांची पार वाट लावलीय, पण ठेका असा झकास की बसल्या जागी पाय हलायला लागले, म्हणून सहा मार्क दिले. चौथं कोरियातल्या मुलींचं. एक शब्द कळत नाही. माझी लेक म्हणते, कळायची गरजच नाही ना आई, आणि खरंच नाही हो. तीन मिनिटांत चार चाली बदलल्या आणि शिवण कुठेच दिसली नाही. पाचवं नुसतं मशीनचं, आता काहीतरी येईल, आता येईल म्हणून दोन मिनिटं टांगून ठेवतं आणि शेवटी पुन्हा तेच वाजवतं. डोक्याला ताप! सहावं मालाडच्या एका मुलीचं, गिटार घेऊन गायलेलं, भाड्याचं घर शोधण्याबद्दल. घर दाखवणारा एजंट आडनाव विचारतो, ती सांगते, आणि मग गाण्यात थोडा वेळ नुसती गिटार वाजते. त्या जागी मला भरून आलं, आठ मार्क दिले. आणि सातवं आपल्या घाटकोपरच्या टेकडीवरच्या पोरांचं रॅप. शिव्या जरा जास्तच आहेत, पण जीभ काय चालते एकेकाची! शेवटी गाणारा स्वतःचं नाव घेतो, गल्लीचं नाव घेतो आणि थांबतो. तुम्ही असतात तर मांडीवर थाप मारून म्हणाला असतात, अरे, हा तर शाहीरच आहे की!

तुमचे शाहीर असंच करायचे ना. जयंतीला आपल्या मैदानात निळे झेंडे लागायचे, स्टेजवर पेटी आणि ढोलकी यायची, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफायचा. तुम्ही मला मांडीवर घेऊन सांगायचात, आता ऐक हां, आता सही येणार. नाव आलं की मी टाळ्या वाजवायचे. गाण्याला खाली सही असते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि तरीही पुढे मी जे केलं ते केलंच.

दुकान डोळ्यांसमोर आहे. स्टेशनपासून पाच मिनिटांवर, शिंप्याच्या शेजारी, चार माणसं उभी राहिली की भरायचं. लोक चिठ्ठीवर गाण्यांची यादी आणतात आणि तुम्ही कोऱ्या कॅसेटमध्ये ती भरून देता. एका बाजूला तीस मिनिटं. शेवटचं गाणं टेप संपून मधेच तुटू नये म्हणून तुम्ही मिनिटं जुळवत बसता, यादी खालीवर करता, गिऱ्हाइकाला विचारून एखादं छोटं गाणं घालता. बाकीचे सरळ तोडून द्यायचे. तुम्ही म्हणायचात, अर्धं गाणं देण्यापेक्षा पाच मिनिटं कोरी टेप गेलेली बरी. मी शाळेतून येऊन काउंटरमागच्या स्टुलावर बसायचे आणि नव्या कॅसेटी लावून बघायचे. एकदा एका बाईंना मी तोऱ्यात सांगितलं, "हे नका घेऊ, बेकार आहे." तुम्ही त्यांच्यासमोरच मला विचारलंत, "पूर्ण ऐकलंस?" मी म्हटलं, "मुखडा ऐकला, तेवढ्यात कळतं." तुम्ही माझा कान धरला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. म्हणालात, "मुखड्यावर मत देणारा माणूस खोटारडा असतो. गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकायचं, तीनदा ऐकायचं, मग तोंड उघडायचं." त्या बाई हसल्या आणि माझा चेहरा लाल झाला. आज माझ्या प्रत्येक यादीच्या वर हेच लिहिलेलं असतं, तीनदा ऐकून, शेवटपर्यंत. लोकांना ते फार आवडतं.

आता त्या रविवारबद्दल. मी सोळा वर्षांची. आई वॉर्डात ड्यूटीवर. तुम्ही स्वतः बांधलेलं पहिलं गाणं विक्रोळीच्या मित्राच्या हॉलवर रेकॉर्ड करून आणलं होतं. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर रेडिओ-टेप ठेवलात, कॅसेट घातलीत आणि म्हणालात, "तू ऐक. मी दुकानात जाऊन येतो. मत देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये." एकच प्रत होती. अख्ख्या घाटकोपरला प्रती काढून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाण्याची दुसरी प्रत काढली नव्हती. म्हणालात, पोरीचं मत येऊ दे, मग काढू. त्यावरचे दोन प्लास्टिकचे कान मात्र मोडले होते, म्हणजे चुकूनही कुणी त्यावर दुसरं काही भरू नये. मी बटण दाबलं. पेटी, ढोलकी, तुमचा आवाज. गाणं तुमच्या आईवर होतं, गावाकडून डोक्यावर बोचकं घेऊन मुंबईला आलेल्या. मुखडा संपला, कोरस आला, आणि मला खरं सांगायचं तर लाज वाटली. वर्गातल्या मुलींनी हे ऐकलं तर काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. मी टेप बंद केला.

तुम्ही आलात. चपला काढता काढताच विचारलंत, "काय गं, कसं वाटलं?"

"ठीक आहे. जुनाट वाटतं जरा. असलं कोण ऐकतं आता?"

"शेवटचं कडवं ऐकलंस?"

"हो ना. ऐकलं."

"ते पण नाही आवडलं?"

"ते पण तसलंच आहे पप्पा."

तुम्ही "बरं" म्हणालात. हात धुतलेत, आईने झाकून ठेवलेली भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन बसलात, माझ्या ताटातही वाढलंत. नंतर कधी विषय काढला नाहीत. जयंतीला मंडळाची माणसं म्हणायची, नवं गाणं ऐकवा की, तर तुम्ही म्हणायचात, अजून बसलं नाही. मला वाटायचं, खरंच बसलं नसेल.

त्यावर मी आणखी एक केलं. पंधरा दिवसांनी रेडिओवर नव्या गाण्यांचा कार्यक्रम लागणार होता, मला त्यातलं एकच गाणं हवं होतं. कॅसेटवाल्याच्या घरात कोरी कॅसेट नाही! तुमची ती ओट्यावरच्या फळीवर होती. कान मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, ही युक्ती तुम्हीच मला दुकानात शिकवलेली. मी पट्टी लावली, टेप सुरुवातीला नेला आणि रेडिओ भरून घेतला. गाणं संपल्याबरोबर थांबवायचं बटण दाबलं. वर माझ्या अक्षरात 'नवीन' लिहून माझ्या खोक्यात टाकून दिली. पुढच्या महिन्यात तुम्ही फळी खालीवर करून शोधत होतात. "ती कॅसेट बघितलीस का गं?" मी म्हटलं, नाही. तेव्हा मला फक्त एवढीच भीती होती की ओरडा बसेल.

तुम्ही जाऊन सत्तावीस वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. आई माझ्याकडे मुलुंडला असते, उजव्या कानाने बरं ऐकते, डाव्याने फक्त तिला हवं तेच. गेल्या रविवारी दुपारी माळा आवरताना लेकीला ते खोकं सापडलं. ती हल्ली कॅसेटींच्या मागे लागलीय, म्हणते आता पुन्हा फॅशन आहे. कुठूनतरी एक जुना टेप दुरुस्त करून आणलाय. "आई, 'नवीन' म्हणजे काय गं? लावू?" मला आठवेना. म्हटलं लाव, या शनिवारी आमच्या वेळचं नवीन आणि आत्ताचं नवीन अशी जोडी लावू, लोकांना मजा येईल. लागलं. ज्या गाण्यासाठी मी जीव टाकला होता ते इतकं बेतास बात आहे पप्पा, आज चार मार्क देईन, तेही ढोलकीवाल्यासाठी. मी तसं म्हणतेय, लेक हसतेय, आणि गाणं संपतं, खट्ट असा आवाज होतो, आणि तुम्ही गायला लागता.

माझं रेडिओचं गाणं पाच मिनिटांचं, तुमचं मोठं होतं. मी बटण दाबलं तिथून पुढचं तेवढं वाचलं होतं. नेमकं शेवटचं कडवं. तुमचा श्वास ऐकू येतो त्यात, प्रत्येक ओळीच्या आधी. तुमची आई मुंबईत दुकानांवरच्या पाट्यांकडे बघते आणि तिला एकही वाचता येत नाही, असं कडवं आहे. मग सहीची ओळ येते. तिथे तुमचं नाव असायला हवं होतं. तिथे माझं नाव आहे. शाळेतलं नाही, तुम्ही एकटेच हाक मारायचात ते. त्या नावाची पोर पाट्या वाचते आणि आजीला सांगते, आणि पुढचं गाणं तीच लिहील, असं म्हणून तुम्ही थांबलात. नंतर पेटीचा सूर थोडा वेळ रेंगाळतो आणि पुढे कोरी टेप.

लेक म्हणाली, "हे आजोबा आहेत? आई, तू रडतेयस?" आई आतून काठी टेकत आली. मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "हेच ते. तुझ्या नावाचं. विक्रोळीहून आले तेव्हा तीन दिवस नाचत होते." मी विचारलं, मग मला कधी बोलली का नाहीस? आई म्हणाली, "काय बोलायचं? ते म्हणाले, पोरीने शेवटपर्यंत ऐकलंय, तिला नाही आवडलं. तिच्या नावाचं आहे म्हणून जबरदस्ती करायची नाही. तिचं मत आहे."

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. मला आयुष्यभर वाटत आलं की मी तुमचं गाणं जुनाट म्हटलं, तर काय झालं, सोळाव्या वर्षी पोरं म्हणतातच. पण तुम्ही तर समजून चाललात की मी माझं नाव ऐकलं आणि वर म्हटलं, ते पण तसलंच आहे. सात वर्षं तुम्ही ते मनात ठेवून माझ्या ताटात वाढत राहिलात, माझी फी भरायला रांगेत उभे राहिलात, दुकानात नवी कॅसेट आली की अजूनही मलाच विचारत राहिलात, "काय गं, कसं वाटलं?"

या शनिवारी यादी गेली नाही. तब्येतीची चौकशी करणारे मेसेज आलेत. लेक म्हणते हेच पाठव ना आई, लोक वाचतील. नाही पाठवणार. त्या लोकांना तुमचा आवाज माहीत नाही, आणि हे त्यांच्याशी बोलायचं नाहीच आहे. ते कडवं मी तीनदा ऐकलंय. मार्क द्यायचे नाहीत. मला फक्त एक दुरुस्ती करायची आहे, तुमच्याच नियमाप्रमाणे. मी हो म्हटलं होतं ते खोटं होतं पप्पा. त्या दिवशी मी फक्त मुखडा ऐकला होता. माझ्या नावापर्यंत मी पोचलेच नव्हते.